यादीत न लिहिलेलं काम : एका कंट्रोलर-खरेदीचं प्रकरण

एका संगीतकाराचा मेसेज आला तेव्हा त्याची यादी तयारच होती. "ताई, जुना कंट्रोलर संपला. तीन गोष्टी घेतोय, तुम्ही फक्त एकदा नजर टाका." कंट्रोलर म्हणजे संगणकातली वाद्यं हाताने वाजवायचं यंत्र. यादीत पहिला होता एबलटन कंपनीचा पॅडांचा कंट्रोलर पुश ३, तोही आतच प्रोसेसर असलेला, म्हणजे लॅपटॉपशिवाय चालणारा. दुसरं, त्याच कंपनीचं संगीत बनवायचं सॉफ्टवेअर लाइव्ह: लाइव्ह १० स्टँडर्डवरून थेट लाइव्ह १२ सूट, म्हणजे त्याचा सगळ्यांत भरगच्च प्रकार. तिसरा मास्टरिंग प्लगइन्सचा, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्या जोड-प्रोग्रॅमचा, एक संच.

तो लघुपटांना आणि श्राव्य पुस्तकांना पार्श्वसंगीत देतो. त्याचं बरंचसं काम मिक्सिंगला माझ्याकडे येतं, त्यामुळे त्याचे प्रोजेक्ट मी आतून पाहिलेले आहेत. त्याच्याकडे होतं ते असं: विंडोजचा लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस आणि पंचवीस पट्ट्या, सोळा पॅड, आठ नॉब असलेला बरीच वर्षं वापरलेला कंट्रोलर. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. तिने त्या मॉडेलचा सेटिंग्जचा प्रोग्रॅम नव्या विंडोजसाठी काढलाच नाही, एवढं मात्र सांगायला हवं, कारण "संपला" या शब्दामागे तेही एक कारण होतं.

मी त्याला विचारलं, "संपला म्हणजे नेमकं काय होतं?" उत्तर चार वाक्यांत आलं. वाजवलं की आवाज उशिरा येतो. पॅड एकदा मारला की दोनदा वाजतो. मध्येच कनेक्शन तुटतं. ट्रॅक बदलला की नॉबची किंमत उडी मारते.

या चार तक्रारींची कारणं चार निरनिराळ्या जागी होती. कंट्रोलरचा दोष म्हणावा अशी त्यांतली एकच.

उशीर कुठून येतो

आधी उशिराचं पाहिलं, कारण तो सगळ्यांत जास्त छळत होता. लाइव्हमध्ये बफर, म्हणजे संगणक आवाज बाहेर पाठवण्याआधी एकदम तयार करतो तो तुकडा, १०२४ सॅम्पलवर होता. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असताना, १०२४ सॅम्पल म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. हे जास्तच आहे, पण "मी वाजवतो आणि आवाज मागून चालत येतो" असं म्हणण्याइतकं नाही. दुसरं काहीतरी होतंच. सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मास्टर ट्रॅकवर एक लिनियर-फेज इक्वलायझर बसलेला दिसला, म्हणजे जाड-बारीक आवाजांचं प्रमाण जुळवणारा, पण त्यासाठी आवाज थोडा थांबवून ठेवणारा प्लगइन. लाइव्हमध्ये प्लगइनच्या नावपट्टीवर माउस नेला की तळाच्या पट्टीत त्या प्लगइनचा विलंब दिसतो. आकडा होता ३०७२ सॅम्पल, म्हणजे जवळजवळ ७० मिलिसेकंद. बाकीच्या ट्रॅकवरचा विलंब सॉफ्टवेअर आपसांत जुळवून घेतं. मास्टरवर बसलेल्याचा विलंब मात्र वाजवणाऱ्याच्या बोटापर्यंत पोचतोच.

दोन्ही मिळून ९३ मिलिसेकंद. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे तो रोज जवळपास बत्तीस मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरवर वाजवत होता आणि आपल्या हातांना दोष देत होता. हे मी त्याला मोजून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "मला वाटलं माझी लयच ढासळली." या वाक्याने मला वाईट वाटलं. लय पक्की असलेल्या माणसाने प्रत्येक नव्या कामाला उघडणाऱ्या एका टेम्प्लेटमुळे स्वतःवर शंका घ्यावी, हे चूक आहे.

उपाय अगदी साधा होता. टेम्प्लेटमधून मास्टरची साखळी काढून टाकली आणि ती फक्त शेवटच्या मिक्ससाठी वेगळी जतन केली. वाजवताना बफर १२८, म्हणजे २.९ मिलिसेकंद आणि त्यावर इंटरफेसची स्वतःची थोडी भर. मिक्सला बसताना परत ५१२ किंवा १०२४. ओघातच यादीतली तिसरी वस्तू गळाली, कारण मास्टरिंगचे प्लगइन नेमके याच जातीचे असतात. पुढचं पाहून मर्यादा घालणारे लिमिटर, लिनियर-फेज इक्वलायझर. तो संच घेतला असता तर रोग वाढलाच असता.

दोनदा वाजणारा पॅड

दुसरी तक्रार खरी होती. लाइव्ह बंद करून आम्ही मिडी-ऑक्स हा मिडीचे संदेश दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. मिडी म्हणजे कंट्रोलर आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा. विंडोजवर एकच मिडी पोर्ट दोन प्रोग्रॅमना एकाच वेळी मिळेलच असं नाही, म्हणून आधी लाइव्ह बंद. मग प्रत्येक पॅड वीस-वीस वेळा मारला आणि पडद्यावर उतरणाऱ्या ओळी वाचत गेलो.

चौदा पॅड स्वच्छ होते. दोन पॅडवर मात्र गंमत दिसली. सूर क्रमांक ३६, व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) ९४, मग सूर बंद, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा सूर ३६, या वेळी व्हेलॉसिटी ४. लाइव्हच्या ड्रम रॅकमध्ये, म्हणजे पॅडांना तालवाद्यांचे आवाज वाटून देणाऱ्या उपकरणात, ३६ वर सहसा किक ड्रम असतो. ऐकताना ही व्हेलॉसिटी ४ ची किक वेगळी कळत नाही, पहिल्या ठोक्याला एक ओंगळ शेपूट लागल्यासारखं वाटतं. तो महिनोन्महिने किकचा सॅम्पल बदलून बघत होता.

अशा पॅडच्या खाली बहुतेक वेळा दाब ओळखणारा संवेदक असतो. दाब वाढला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, आणि तो किती वेगाने बदलला यावरून ठोक्याचा जोर ठरतो. वरचं रबर सैल झालं, खाली धूळ गेली, की बोट उचलल्यावर रबर परत बसताना पुन्हा थोडा दाब पडतो आणि यंत्र त्याला नवा ठोका समजतं. किमान किती दाबाला ठोका म्हणायचं हा उंबरठा वाढवता येतो. सेटिंग्जचा प्रोग्रॅम चालत नव्हता, पण तोच उंबरठा कंट्रोलरच्या चिमुकल्या पडद्यावर, जागतिक सेटिंग्जच्या आत तिसऱ्या पानावर होता. इतकी वर्षं त्याने ते पान उघडलेलं नव्हतं.

उंबरठा वाढवला की शेपूट जाते, पण हलके ठोकेही जातात. त्याच्या वाजवण्यात हलके ठोके फार महत्त्वाचे आहेत. म्हणून उंबरठा थोडाच वाढवला आणि त्या दोन पॅडवर किक आणि टाळी बसवली, जिथे हळू मारायची वेळ येत नाही. शिवाय त्या ट्रॅकवर लाइव्हचं व्हेलॉसिटी नावाचं मिडी इफेक्ट गेट पद्धतीवर ठेवून दहाच्या खालचे ठोके अडवले. याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. पण आपण पॅडला कशासाठी मारतो हे माहीत असलं की दोषाला बाजूला बसवता येतं.

कनेक्शन तुटण्याचं थोडक्यात सांगते. कंट्रोलर, बाहेरची हार्ड डिस्क आणि लायसन्सचा डोंगल हे तिन्ही स्वतंत्र वीजजोडणी नसलेल्या यूएसबी हबवर होते, आणि यूएसबी २.० चा पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलिअँपिअर देतो, तेही तिघांत मिळून. कंट्रोलर थेट लॅपटॉपला लावला, तुटणं थांबलं.

नॉबची उडीसुद्धा सेटिंगचीच होती. त्याचे नॉब दोन्ही टोकांना थांबणारे. ट्रॅक बदलला की पडद्यावरची किंमत एक आणि नॉबची जागा दुसरीच, आणि हात लावताच किंमत नॉबच्या जागेवर येऊन आदळते. लाइव्हच्या सेटिंग्जमध्ये टेकओव्हर मोड आहे. तो पिक-अपवर ठेवला की नॉब जुन्या किमतीपर्यंत पोचल्याशिवाय काही हलत नाही. अनंत फिरणाऱ्या एन्कोडरचा फायदा इथे निर्विवाद आहे, पण एवढ्यासाठी नवं यंत्र घ्यायची गरज नव्हती. फिल्टर हळू उघडताना पायऱ्या ऐकू येतात ही त्याची जोडतक्रार मात्र कंट्रोलरच्या वयाची नव्हती. १९८३ साली मिडी आलं तेव्हापासून साध्या कंट्रोल संदेशाला ० ते १२७ एवढ्याच किमती आहेत. मिडी २.० चं तपशील २०२० साली आलं आणि त्यात ३२ बिटची बारकाई आहे, पण ती ऐकू यायला कंट्रोलर, ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर आणि वाद्य या साखळीतल्या प्रत्येक कडीला ती समजावी लागते. खोक्यावर २.० छापलेलं असणं हे खरेदीचं कारण होऊ शकत नाही.

आठवड्याची वही

इथवर मला वाटलं, प्रकरण मिटलं. चारही तक्रारी हातावेगळ्या झाल्या होत्या आणि एकही वस्तू घ्यावी लागली नव्हती. तरी खात्रीसाठी त्याला सांगितलं, "सात दिवस शेजारी वही ठेव. हात संगीतावरून उठून दुसरीकडे कुठे गेला की एक रेघ मार आणि कशासाठी ते दोन शब्दांत लिही."

वही आली. निम्म्याहून जास्त रेघा एकाच गोष्टीच्या होत्या, आवाज शोधणे. "मागच्या वेळी वापरलेला तो घंटेसारखा आवाज कुठाय." "मऊ, लांबणारा आवाज हवा होता, चाळीस ऐकले." म्हणजे वेळ खात होता लाइव्हमधला आवाज शोधायचा ब्राउझर, आणि त्यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये होता. मार्च २०२४ मध्ये आलेल्या लाइव्ह १२ मध्ये आवाजांना खुणा लावून गाळता येतं, आणि एका सॅम्पलसारखे दुसरे शोधायची सोय आहे. त्याला उपयोगी पडेल अशी आणखी एक गोष्ट, अनेक टेकमधून तुकडे निवडून जोडणं, लाइव्ह ११ पासून म्हणजे २०२१ पासून आहे. दोन आवृत्त्या मागे राहून तो हे सगळं हाताने करत होता. अपग्रेड घ्यावं असं माझं मत तेव्हा पक्कं झालं. प्रश्न उरला स्टँडर्ड की सूट.

त्यासाठी तीस दिवसांची मोफत चाचणी आहेच, आणि ती सूटची असते. मी म्हटलं, "लाव, आणि जे काम चालू आहे तेच त्यात कर." ही माझी चूक. त्याने हातातल्या लघुपटाचा प्रोजेक्ट लाइव्ह १२ मध्ये उघडला, दोन तास काम केलं आणि त्याच नावाने जतन केला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाच्या संकलकाला तोच प्रोजेक्ट हवा होता, आणि संकलकाकडे जुनी आवृत्ती. नव्या लाइव्हमध्ये जतन केलेला सेट जुन्या लाइव्हमध्ये उघडत नाही. मला हे माहीत होतं, आणि तरी मी सांगायला विसरले. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बॅकअप नावाचं फोल्डर असतं, त्यात आधीच्या काही जतन केलेल्या प्रती राहतात. तिथून जुनी प्रत काढली आणि दोन तासांचं काम ऑडिओ फाइलमध्ये उतरवून त्यात परत बसवलं. अर्धा दिवस गेला. त्या दिवसापासून त्याचा नियम आहे: नवी आवृत्ती जुन्या शेजारी लावायची, जुनी काढायची नाही, आणि चालू काम संपेपर्यंत ते ज्या आवृत्तीत सुरू झालं तिथेच ठेवायचं. दोन आवृत्त्या एकाच संगणकावर सुखाने नांदतात.

वहीने न सांगितलेलं

चाचणीच्या दिवसांत मी त्याच्या शेजारी एक दुपार बसले. बघायचं होतं सूटमधलं तो काय वापरतो, पण दिसलं दुसरंच.

एका श्राव्य पुस्तकासाठी तो तीन सुरांचा एक मऊ, ताणलेला आवाज बांधत होता. निवेदकाच्या आवाजाखाली मधला सूर सावकाश अर्ध्या स्वराने खाली सरकतो, बाकीचे दोन जागच्या जागी. मग वरचा सरकतो. ही त्याची ओळख आहे. त्याचं संगीत ऐकलेल्या कोणालाही ही सरकण आठवते. पण पडद्यावर काय होतं? एकच वाद्य तीन ट्रॅकवर तीनदा चढवलेलं, प्रत्येक ट्रॅकवर एकेकच सूर, आणि पिच बेंडची, म्हणजे सूर वर-खाली वाकवण्याची, वळणं माउसने काढलेली. एक वळण काढायचं, ऐकायचं, एखादा बिंदू केसभर हलवायचा, पुन्हा ऐकायचं. पंधरा सेकंदांच्या संगीताला पाऊण तास लागला. वहीत त्या दिवशी याची एकही रेघ नव्हती.

मी विचारलं, "हे का नाही लिहिलंस?" तो म्हणाला, "हे तर काम आहे, ताई. अडथळा कुठे?"

मी वही ठेवायला सांगितली होती अडथळ्यांची. ज्या कष्टाला आपण काम समजायला लागतो तो अशा वहीत कधीच उतरत नाही. चार तक्रारी सोडवून मी खूश झाले होते, आणि त्याला नव्या यंत्राची ओढ का लागली होती ते त्यालाही सांगता आलं नव्हतं आणि मलाही दिसलं नव्हतं.

तीन ट्रॅक लागतात याचं कारण मिडीच्या मूळ रचनेत आहे. पिच बेंड चांगला बारीक असतो, १४ बिटचा, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. पण तो अख्ख्या चॅनेलला, म्हणजे मिडीच्या एका वाटेने जाणाऱ्या सगळ्या सुरांना, एकदमच लागू होतो. चॅनेलवर तीन सूर चालू असतील तर तिघेही एकत्र वाकतात. यावरचा तोडगा म्हणजे एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन), जो २०१८ साली मिडीच्या मानकात आला. त्यात प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनेल मिळतो, म्हणजे एक बोट सरकलं तर एकच सूर सरकतो. लाइव्हला ही पद्धत ११ पासून कळते. म्हणजे त्याच्या लाइव्ह १० मध्ये ही सोय नव्हतीच.

एका ओळखीच्याकडून दोन शनिवार-रविवारांसाठी पुश ३ मागून आणला. मे २०२३ मध्ये आलेलं हे यंत्र, ६४ पॅड, आणि प्रत्येक पॅड बोटाचं सरकणं वेगळं ओळखतो. पहिल्या संध्याकाळी एका बाहेरच्या सिंथमध्ये (सिंथेसायझरमध्ये) सूर हलकेच सरकण्याऐवजी दोन-चार सप्तकं भिरकावले गेले. एमपीईमध्ये एका सुराची बेंडची मर्यादा सहसा अठ्ठेचाळीस अर्धस्वर धरलेली असते, आणि त्या सिंथमध्ये वेगळी होती. दोन्हीकडे एकच आकडा ठेवल्यावर ताळ्यावर आलं. दुसरी गोष्ट अधिक निराश करणारी होती. त्याची आवडती तंतुवाद्यांची सॅम्पल लायब्ररी, जी कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालते, तिला एमपीई समजत नव्हतंच. कंट्रोलर कितीही संवेदनशील असो, ऐकणारं वाद्य बहिरं असेल तर काही उपयोग नाही. एमपीईसाठी खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःच्या रोजच्या वाद्यांची यादी घेऊन एकेक तपासावं, असं मी आग्रहाने सांगेन.

मग त्याने थर लावले. स्थिर सूर तंतुवाद्यांच्या लायब्ररीतून, सरकणारा सूर लाइव्हच्या ड्रिफ्ट या सिंथमधून. ड्रिफ्ट एमपीई समजतो आणि तो स्टँडर्डमध्ये आहे. वेव्हटेबलही समजतो, पण तो सूटमध्ये. चाचणीच्या तीस दिवसांत वेव्हटेबल त्याने एका रचनेत वापरला, सूटमधलाच ऑपरेटर हा सिंथ उघडलाच नाही, आणि मॅक्स फॉर लाइव्हचं (लाइव्हसाठी स्वतः उपकरणं बनवायच्या सोयीचं) एक उपकरण कुतूहलाने लावून काढून टाकलं.

काय घेतलं

लाइव्ह १२ स्टँडर्ड. सूटवर पुढे केव्हाही जाता येतं, ते दार बंद होत नाही.

पुश ३, पण प्रोसेसर नसलेला. इथे आमचं थोडं वाजलं. मला वाटत होतं आणखी दोन महिने थांबावं, कारण पट्ट्यांवर वाढलेल्या हाताला ओळीमागून ओळ चौथ्या स्वराच्या अंतराने रचलेली पॅडांची जाळी सहजासहजी बसत नाही. तो म्हणाला, "पण इथे एक कॉर्ड शिकलो की ती कोणत्याही स्वरापासून वाजवली तरी बोटांचा आकार तोच राहतो." बरोबर होतं त्याचं. माझा सावधपणा त्याच्या हातांपेक्षा माझ्या सवयीतून आला होता, म्हणून मी आग्रह सोडला.

प्रोसेसर असलेलं यंत्र का नाही, हे मात्र मी शेवटपर्यंत लावून धरलं. त्याचं स्वप्न होतं लॅपटॉप बाजूला ठेवून काम करायचं. पण लॅपटॉपशिवाय चालताना त्या यंत्रात लाइव्हची स्वतःची वाद्यं आणि मॅक्स फॉर लाइव्ह चालतं, बाहेरचे प्लगइन चालत नाहीत. त्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तंतुवाद्यांची ती लायब्ररी आहे. म्हणजे प्रत्येक वेळी ते ट्रॅक ऑडिओ करून तिकडे न्यायचे, आणि बदल करायचा झाला की परत लॅपटॉप. ज्याचं संगीत ड्रम रॅक आणि लाइव्हच्या सिंथवर उभं आहे त्याच्यासाठी ते यंत्र सुंदर आहे. याचं तसं नाही. पुढे काम बदललं तर प्रोसेसरचा संच नंतर बसवता येतो.

जुना कंट्रोलर टेबलावरच आहे, डावीकडे. धून सुचली की तो आजही आधी त्या पंचवीस पट्ट्यांवरच वाजवतो.

मागच्या महिन्यात त्याच्याकडून मिक्सिंगला एक प्रोजेक्ट आला. निवेदक एका वाक्याच्या मध्ये थांबते, चार सेकंद. त्या चार सेकंदांत मधला सूर खाली येतो, सुरुवातीला अगदी नकळत, मग शेवटच्या क्षणी थोडा घाईने, जसं बोट पॅडवरून निसटावं तसा. माउसने काढलेलं वळण इतकं असमान कधीच येत नसे. मी ट्रॅक मोजले. एकच होता.